अपघातग्रस्त जुनी स्पोर्ट्स कार: दुरुस्ती, भंगार की जतन?

रोजच्या वापरातली मोटार अपघातात चेपली की तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न बहुधा एका बैठकीत सुटतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, गॅरेजवाला अंदाजपत्रक देतो आणि दोन आकड्यांची तुलना करून गाडी एक तर डेंटिंगला जाते किंवा भंगाराच्या लिलावात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेली स्पोर्ट्स कार चेपली, तर मात्र हेच दोन आकडे पुरेसे पडत नाहीत, कारण अशा गाडीची किंमत तिच्या उपयोगावर ठरत नसून ती नेमकी कोणती गाडी आहे, कारखान्यातून केव्हा निघाली आणि तिच्यातला किती पत्रा अजून तोच आहे, यावर ठरते. त्यामुळे दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच दुरुस्तीनंतर उरणारी वस्तू ही पूर्वीचीच गाडी असेल काय, हेही पाहावे लागते. आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बिलावर सापडत नाही. दुबईच्या औद्योगिक वसाहतींत हा पेच कसा हाताळला जातो, विम्याचे नियम त्यात कुठे आडवे येतात आणि जगातल्या गाजलेल्या प्रकरणांतून काय शिकता येते, याचा विचार येथे केला आहे.

गोदामांच्या वसाहतीत

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, म्हणजे तिथल्या रहिवाशांच्या बोलण्यातले ‘डीआयपी’, ही शेख मोहम्मद बिन झायेद रस्ता आणि एमिरेट्स रस्ता यांच्या दरम्यान, जेबेल अलीच्या आतल्या बाजूला पसरलेली सुमारे 2,300 हेक्टरांची वसाहत 1997 मध्ये उभी राहू लागली. कारखाने, गोदामे, कामगारांची निवासस्थाने, शाळा आणि ‘ग्रीन कम्युनिटी’सारखी झाडीतली घरे असा हा मिश्र संसार असून 2021 पासून मेट्रोच्या तांबड्या मार्गाच्या नव्या फाट्यावर त्याचे स्वतंत्र भुयारी स्थानकही आहे. बाहेरून पाहणाऱ्याला इथली एक शेड दुसरीसारखीच दिसते: पन्हळी पत्र्याची उंच भिंत, वर गुंडाळले जाणारे रुंद दार आणि दारात उभा ट्रक. त्यांपैकी कोणत्या दारामागे बाटल्यांची झाकणे बनतात आणि कोणत्या दारामागे जुन्या मोटारीचा सांगाडा उघडून ठेवलेला असतो, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

जुन्या गाड्यांच्या कामाला अशी जागा सोयीची पडते, याची कारणे भावनिक नसून अगदी व्यावहारिक आहेत. उघडलेली गाडी महिनोन्महिने एकाच ठिकाणी उभी राहते, म्हणून जागा मोठी आणि भाडे परवडणारे लागते. सुटे भाग इंग्लंड-जर्मनीहून येतात, म्हणून बंदर आणि मालवाहतुकीचा विमानतळ जवळ असणे उपयोगाचे ठरते. आणि पत्रा ठोकण्याचा आवाज, रंगाची भट्टी व ग्राइंडरच्या ठिणग्या निवासी भागात कोणी खपवून घेत नाही. हातकाम करणारे मिस्त्री बहुतेक केरळ, पंजाब, पाकिस्तान, श्रीलंका आणि फिलिपाइन्समधले असतात. आखाती देशांतल्या नोकरीच्या कागदांवर ‘डेंटर’ आणि ‘पेंटर’ हे दोन वेगळे हुद्दे असतात, आणि या दोघांच्या कामाची सीमा जिथे धूसर होते, तिथेच पुढे सांगितलेले बरेचसे घोटाळे जन्म घेतात.

हवामानाचाही यात वाटा आहे. आखातातली कोरडी हवा गाडी गंजू देत नाही, हा समज अर्धाच खरा आहे, कारण किनाऱ्याजवळ उन्हाळ्यातल्या रात्री इतक्या दमट असतात, की रंग खरवडून उघडा केलेला लोखंडी पत्रा दुसऱ्या सकाळपर्यंत तांबूस दिसू लागतो. त्यामुळे पत्रा उघडा केला की त्याच दिवशी त्यावर प्रायमरचा थर चढवावा लागतो. रबर, कातडे आणि डॅशबोर्ड यांचे शत्रुत्व मात्र थेट उन्हाशी असते.

पोलिसांचा कागद आणि पन्नास टक्के

संयुक्त अरब अमिरातीत अपघातग्रस्त गाडी कोणतेही गॅरेज पोलिसांच्या अहवालाशिवाय दुरुस्तीला घेऊ शकत नाही. दोष कोणाचा हे त्या कागदावर ठरलेले असते. निर्दोष चालकाला हिरवा आणि दोषी चालकाला तांबडा कागद मिळतो, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पाठ असते. त्या कागदाविना बॉनेट सरळ करणारा मिस्त्री आणि करवून घेणारा मालक असे दोघेही दंडाला पात्र ठरतात. व्यवस्था कडक आहे, पण जुन्या गाडीच्या दृष्टीने तिचा एक अनपेक्षित लाभ असा, की अपघाताची तारीख, स्वरूप आणि छायाचित्रे यांची सरकारी नोंद तयार होते आणि पुढे कोणी तो अपघात घडलाच नव्हता असे सहज म्हणू शकत नाही.

खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. 2017 च्या आरंभापासून लागू झालेल्या एकसमान मोटार विमा पॉलिसीनुसार दुरुस्तीचा खर्च अपघातापूर्वीच्या किमतीच्या 50 टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे संपूर्ण नुकसान झालेली, मानली जाते. कंपनी ठरलेली रक्कम देते आणि अवशेषांवर तिचा हक्क लागतो. हा नियम झपाट्याने किंमत घटणाऱ्या नव्या गाडीसाठी बेतलेला असून तिथे तो योग्यही आहे, कारण अर्ध्याहून अधिक किंमत ओतून तयार झालेली सहा वर्षांची सेडान कोणालाच नको असते. जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत मात्र वर्षागणिक चढू शकते, आणि तिचा विमा ज्या आकड्यावर उतरवला असेल, त्यावर तिचे जगणे-मरणे ठरते. उदाहरणादाखल, 4 लाख दिरहॅमवर विमा असलेल्या गाडीच्या दुरुस्तीला 2 लाख 10 हजार दिरहॅम लागणार असतील, तर ती कागदोपत्री संपली. त्याच गाडीचे मूल्य आधीच 6 लाखांवर मान्य करून घेतले असते, तर तोच खर्च दुरुस्तीयोग्य ठरला असता. गाडीचे मूल्य तज्ज्ञाकडून ठरवून घेऊन विमा घेतानाच ते पॉलिसीत लिहून घेण्याच्या या पद्धतीला ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ म्हणतात. मालक पॉलिशवर खर्च करतात आणि या एका ओळीवर कंजुषी करतात, असेच पुष्कळदा दिसते.

टोटल लॉस ठरलेली गाडी मालकाला अवशेषांच्या किमतीत परत घेता येते, पण त्यासाठी रक्कम ठरण्याआधी तोंड उघडावे लागते. एकदा गाडी लिलावाच्या आवारात गेली, की तिचे इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे आणि क्रमांकाची पट्टी तिसरीकडे जाण्याची शक्यता वाढते, आणि त्या तिसऱ्या ठिकाणी काय घडते हे पुढे पाहू.

ओळंबा, खडू आणि मोजपट्टी

दुरुस्तीचा निर्णय डोळ्यांनी घेता येत नाही, हे या धंद्यातल्या जुन्या माणसांचे मत बरोबर आहे. भीषण दिसणारी ठोकर कित्येकदा फक्त बाहेरचा पत्रा खाते, तर बंपरवर बोटभर खूण ठेवणारी ठोकर आतला सांगाडा तिरपा करून जाते. म्हणून प्रथम गाडी मोजली जाते. आधुनिक वर्कशॉपमध्ये त्यासाठी ‘बेंच’ असतो. हा पोलादाचा जाडजूड, सपाट पाट असून त्यावर त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेले ठोकळे बसवतात आणि सस्पेन्शनचे बोल्ट जिथे यायला हवेत तिथे ते येतात का, हे पाहतात. फ्रान्समधल्या सेलेट कंपनीचे असे बेंच जगभरच्या वर्कशॉपमध्ये वापरले जातात.

साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचे ठोकळे उपलब्ध नसले, तर जुनी रीत कामी येते, आणि ती आजही तितकीच खात्रीची आहे. गाडी सपाट जमिनीवर चार भक्कम टेकूंवर समतल उभी करतात. खालच्या ठरावीक छिद्रांतून आणि बोल्टांच्या मध्यातून ओळंबा सोडतात. ओळंब्याचे टोक जिथे टेकते तिथे जमिनीवर खडूने बारीक फुली करतात आणि मग गाडी बाजूला ढकलतात. जमिनीवर उरतो तो गाडीचा नकाशा. समोरासमोरच्या फुल्यांमधले कर्ण मोजले आणि दोन्ही सारखे आले, तर सांगाडा चौकोनी आहे. एक कर्ण काही मिलिमीटरने लांब निघाला, तर गाडी पिळली गेली आहे, मग बॉनेट कितीही गुळगुळीत असो.

त्यानंतर दिसत नसलेल्या भेगांचा शोध सुरू होतो. स्टिअरिंगचे दांडे, चाकाची नाभी आणि सस्पेन्शनचे हात स्वच्छ करून त्यांवर तांबडा, पातळ रंग फवारतात. तो भेगेत झिरपला, की वरचा रंग पुसून घेऊन पांढरी भुकटी फवारतात आणि भेग असेल तिथे पांढऱ्यावर तांबडी रेघ उमटते. ही तपासणी स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात उरकते आणि तरीही ती टाळली जाते, हे खेदाने नोंदवावे लागते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्रही याच वेळी फिरवले जाते. कारखान्यातला रंग साधारणपणे शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा हजारावर गेला, तर खाली पुट्टी आहे, म्हणजे या गाडीला पूर्वीही ठोकर बसली होती आणि डेंटरने अर्धवट सोडलेले काम पेंटरने झाकले होते.

जिथे क्रमांक कोरला आहे

या सगळ्याची गुंतागुंत पाहण्यासाठी जग्वार ई-टाइपइतके चांगले उदाहरण नाही. 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली आणि 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 72,500 च्या संख्येने बनलेली ही गाडी रचनेच्या दृष्टीने दोन तुकड्यांची आहे. मधला भाग ‘मोनोकॉक’ आहे, म्हणजे त्याला वेगळी चासी नसून पत्र्याची पेटीच वजन पेलते. त्या पेटीच्या पुढच्या भिंतीला चौकोनी नळ्यांचा एक सांगाडा बोल्टांनी जोडलेला असतो आणि इंजिन, पुढचे सस्पेन्शन व स्टिअरिंग त्याच्या आधाराने बसतात. या नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या, म्हणजे उत्तम सायकलींच्या नळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कारखान्याच्या. पातळ, हलक्या आणि पितळी झाळणीने जोडलेल्या.

समोरून धडक बसली, की आधी ते लांबलचक बॉनेट जाते, आणि मग हा सांगाडा वाकतो. अनुभवी कारागिरांचा संकेत असा, की वाकलेली नळी सरळ करू नये, कारण एकदा मुडपलेली पातळ नळी वरून सरळ दिसली, तरी झाळणीच्या सांध्याजवळ पुढे तडकते, आणि ती आतून गंजलेली असण्याचीही शक्यता असते. सुदैवाने या गाडीच्या प्रसिद्धीमुळे नवा सांगाडा विकत मिळतो आणि बोल्ट काढून बसवताही येतो. म्हणजे अभियांत्रिकीच्या दृष्टीने समोरची ठोकर ही ई-टाइपची सर्वांत सुसह्य ठोकर आहे.

अडचण अशी, की जग्वारने या गाडीचा चासी क्रमांक याच पुढच्या सांगाड्याच्या उजव्या बाजूच्या आडव्या भागावर ठोकला. जो तुकडा आधी मोडतो आणि बदलावाच लागतो, नेमक्या त्याच तुकड्यावर गाडीची ओळख कोरलेली आहे! नवा सांगाडा कोरा येतो. त्यावर जुना क्रमांक परवानगीशिवाय ठोकणे कायद्याच्या दृष्टीने छेडछाड ठरू शकते, आणि न ठोकावा, तर ‘तस्जील’ या वाहननोंदणी केंद्राच्या तपासणीत गाडी आणि मुलकिया, म्हणजे नोंदणीपत्र, जुळत नाहीत. जुना सांगाडा भंगारात टाकावा, तर त्याहून वाईट घडू शकते: क्रमांक असलेला तो वाकडा तुकडा कोणी उचलतो, त्याच्याभोवती दुसरी गाडी उभी करतो आणि काही वर्षांनी एकाच क्रमांकाच्या दोन जग्वार दोन खंडांत विकायला येतात. म्हणून वाकलेला, निकामी झालेला सांगाडाही गुंडाळून, चिठ्ठी लावून मालकाने स्वतःकडेच ठेवावा, हा सल्ला जाणकार देतात आणि तो शब्दशः पाळण्याजोगा आहे.

मोनोकॉक पिळली असेल, तर हिशेब पालटतो. ती ओढून सरळ करण्याआधी इंजिन, काचा, वायरिंग, आतले कातडे असे सर्व काही उतरवावे लागते. म्हणजे ठोकर पुढच्या कोपऱ्याला बसली, तरी काम संपूर्ण गाडीचे होते. अंदाजपत्रक पन्नास टक्क्यांची रेषा ओलांडते ते बहुतेकदा इथे, आणि कारण नव्या भागांच्या किमती हे नसून मनुष्यतास हे असते.

दोन अपघात, एक खटला

किती दुरुस्ती केली म्हणजे गाडी तीच राहते, हा प्रश्न इंग्लंडच्या उच्च न्यायालयात 1990 मध्ये प्रत्यक्ष लढवला गेला. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ले मांची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर कठड्यावरून उलटली, चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला आणि गाडी नंतर वेगळ्या रूपात पुन्हा बांधली गेली. अनेक दशकांनी ती विकताना खरेदीदाराचा आक्षेप असा, की विजेत्या गाडीतले जवळजवळ काहीच हिच्यात उरलेले नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी भागांची बारकाईने तपासणी करूनही निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला: भाग बदलत गेले, पण तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही, म्हणून हीच ‘ओल्ड नंबर वन’ होय. या निकालाचा व्यावहारिक अर्थ पुष्कळांनी सोयीने लावला असला, तरी त्यातली अट नजरेआड करता येत नाही; सातत्य सिद्ध करावे लागते, आणि ते कागदांनीच सिद्ध होते.

दुसरे टोक शर्यतचालक पीटर लिंडनर याच्या गाडीचे. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असलेल्या, केवळ 12 बनलेल्या हलक्या ई-टाइपपैकी ही एक. ऑक्टोबर 1964 मध्ये पॅरिसजवळच्या मोंतलेरीला झालेल्या अपघातात लिंडनरसह अनेकांचा बळी गेला आणि गाडी चुरगळलेल्या पत्र्याचा ढीग झाली. मूळ बॉडी निरुपयोगी समजून नवी बनवणे कितीतरी सोपे होते. इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थच्या कारागिरांनी त्याऐवजी तोच चुरगळलेला पत्रा उलगडला आणि 2011 मध्ये काम पूर्ण झाले, तेव्हा जवळपास नव्वद टक्के मूळ बॉडी जागेवर होती. अ‍ॅल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होते आणि मग तडकते. ते मऊ करायला तापवावे लागते, पण वितळण्यापूर्वी ते लोखंडासारखे लाल होत नसल्याने अंदाज चुकतो. त्यावर पत्राकामगारांची जुनी युक्ती अशी, की पत्र्यावर साबणाची वडी घासायची आणि ज्योत फिरवायची. साबण काळपट झाला की थांबायचे. हजारो तासांच्या त्या कामात विम्याच्या टक्केवारीला काहीच अर्थ नव्हता, कारण वाचवायचा होता तो पत्राच.

आणि तिसरी वाटही आहे, काहीच न करण्याची. ऑगस्ट 2023 मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या लिलावात 1954 च्या फेरारी 500 मोंडियालचा जळालेला, चेपलेला सांगाडा 18 लाख 75 हजार डॉलरना विकला गेला. चाकांवर उभेही राहू न शकणाऱ्या त्या धातूसाठी इतकी रक्कम देणे अनेकांना वेडेपणा वाटला. पण खरेदीदाराने घेतली ती एका निःसंशय गाडीची ओळख, जिच्यावर कोणी चुकीची दुरुस्ती अद्याप केलेली नव्हती. वाईट दुरुस्तीपेक्षा न केलेली दुरुस्ती अधिक मोलाची ठरू शकते, हे बाजाराने इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल.

ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिवा’ने, 2012 मध्ये स्वीकारलेली ट्यूरिनची सनद याच दिशेने जाते. किमान तीस वर्षांच्या वाहनाला ऐतिहासिक मानणाऱ्या या संस्थेचा आग्रह असा, की मूळ पदार्थ शक्य तितका राखावा आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवावी. सनद कोणाला दंड करू शकत नाही. पण लिलावगृहे आणि परीक्षक तिच्याच भाषेत बोलू लागले आहेत.

भारतात परतणाऱ्या गाडीसाठी

दुबईत जुनी गाडी बाळगणाऱ्या मराठी माणसाला ती कधीतरी मुंबई-पुण्यात असावी असे वाटते, आणि मायदेशी आधीपासून असलेल्या गाड्यांचे मालकही याच पेचातून जातात. म्हणून भारतातली तरतूद लक्षात घ्यावी लागते. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. मात्र गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी उलथापालथ तिच्यात झालेली नसावी, अशी अट आहे. मूळ आराखड्याप्रमाणे बदललेला सांगाडा हा बदल की दुरुस्ती, याचा निवाडा शेवटी आरटीओच्या टेबलावर होतो, आणि तिथे मालकाच्या हाती छायाचित्रे, बिले आणि पोलीस अहवाल नसतील, तर त्याचा शब्द पुरेसा ठरत नाही. मराठी घरांतून जुन्या पावत्या पिशवीत भरून माळ्यावर टाकायची सवय आहे. या एका बाबतीत ती उपकारक ठरते.

निवाडा

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा, की ज्या ई-टाइपची मधली पेटी कर्णात बसते, तिची ठोकर कितीही भयंकर दिसली तरी ती दुरुस्तच करावी. सांगाडा नवा घालावा, जुना जपावा आणि बदल लपवू नये. पेटी पिळलेली असेल आणि गाडी हजारोंपैकी एक असेल, तर तिच्यासाठी मालकाने घर गहाण टाकू नये; तिचे निरोगी भाग दुसऱ्या चार गाड्या चालत्या ठेवतील आणि त्यात अपमान काही नाही, फक्त क्रमांकाचा तुकडा आणि मुलकिया एकत्र, नोंदणी रद्द करूनच सोडावेत. गाडी खरोखर दुर्मीळ असेल आणि योग्य कारागीर किंवा पैसा आज हाताशी नसेल, तर ती कोरड्या, सावलीच्या जागी झाकून ठेवणे हा भ्याडपणा नव्हे, तर पुढच्या मालकाला दिलेली संधी आहे.

यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हे ठरवण्यासाठी गाडी आधी उघडून मोजावी लागते आणि त्याला काही दिवस लागतात. विमा कंपनीचा माणूस मात्र फॉर्म घेऊन लवकर येतो. तेव्हा मालकांनी एवढे करावे: मोजणीचा कागद हाती येईपर्यंत टोटल लॉसच्या फॉर्मवर सही करू नये, कारण तो व्यवहार पुरा झाला की अवशेष कंपनीचे होतात.